सात होम रन कमी पडले म्हणून?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खेळाडूची थोरवी एकूण बेरजेवरून ठरवण्याची सवय क्रीडा पत्रकारितेत किती खोल रुजली आहे, हे अमेरिकी बेसबॉलमधील फ्रेड मॅग्रिफच्या कारकिर्दीकडे पाहिले की ध्यानात येते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, १९८६ ते २००४ असे १९ हंगाम खेळलेल्या या डावखुऱ्या फर्स्ट बेसमनच्या (पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूच्या) नावावर ४९३ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) आहेत. थोरवीची खूण मानल्या जाणाऱ्या पाचशेला सात कमी! केवळ तेवढ्यापायी हॉल ऑफ फेमने (बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाने) त्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले आणि तो अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॅम्पाच्या या मुलाला १९८१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने निवडले, पण मेजर लीगचा एकही सामना खेळवण्याआधी, पुढच्याच वर्षी, टोरांटोच्या हवाली केले. तिथे त्याने १९८९ मध्ये ३६ होम रन करून मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि सॅन डिएगोला गेल्यावर १९९२ मध्ये ३५ होम रनसह दुसऱ्या विभागात, नॅशनल लीगमध्येही, तो अव्वल ठरला. १९८८ ते १९९४ या सलग सात हंगामांत त्याचे होम रन कधी ३० च्या खाली आले नाहीत आणि ३७ च्या वर गेले नाहीत. हे सातत्य मला एखाद्या विक्रमी हंगामापेक्षा अधिक मोलाचे वाटते, कारण पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू), मैदाने, संघ, एवढेच काय लीगही बदलली, तरी चेंडू टोलावल्यावर एका हाताने बॅट डोक्यावरून गरकन फिरवणारा त्याचा तो फटका तसाच राहिला.

२० जुलै १९९३ ची रात्र तर विसरता येण्यासारखी नाही. अटलांटा ब्रेव्हजने त्याला नुकतेच संघात घेतले होते, सामन्याआधी स्टेडियममधील पत्रकार कक्षाला आग लागली, खेळ उशिरा सुरू झाला आणि संघ पिछाडीवर असताना नऊपैकी सहाव्या इनिंगमध्ये (डावात) मॅग्रिफने होम रन मारून बरोबरी साधून दिली. तो सामना ब्रेव्हजने जिंकला. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बरेच मागे असलेल्या या संघाने हंगामअखेरीस १०४ विजय मिळवून १०३ विजयांच्या जायंट्सना मागे टाकले. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, याच संघाने वर्ल्ड सीरिज ही विजेतेपदाची अंतिम मालिकाही जिंकली.

मग ते सात होम रन गेले कुठे? १९९४ मध्ये मॅग्रिफने ११३ सामन्यांत ३४ होम रन केले होते, आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू होऊन हंगाम तिथेच संपला. ब्रेव्हजचे ४८ सामने झालेच नाहीत. पुढचा हंगामही १६२ ऐवजी १४४ सामन्यांचा झाला. १९९४ मधील त्याच्या गतीने सात होम रनसाठी जेमतेम पंचवीस सामने पुरले असते, म्हणजे पाचशेचा टप्पा हुकला तो मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील भांडणामुळे, त्याची बॅट थंडावली म्हणून नव्हे. असे असूनही २०१० ते २०१९ अशा दहा वर्षांच्या हॉल ऑफ फेमच्या मतदानात बेसबॉल पत्रकारांनी त्याला आवश्यक ७५ टक्के मते कधीच दिली नाहीत. शेवटच्या वर्षी त्याला ३९.८ टक्के मिळाली आणि तोच त्याचा उच्चांक ठरला.

यात काळाचाही दोष होता. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ होम रन केल्यावर वर्षाला तीस-पस्तीस होम रन करणारा खेळाडू लोकांना फिका वाटू लागला. पुढे मॅग्वायरने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. मॅग्रिफच्या नावाला तसला डाग कधी लागला नाही, तरी त्याची मोजदाद त्याच फुगलेल्या आकड्यांच्या शेजारी होत राहिली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये हॉल ऑफ फेमच्या वेगळ्या निवड समितीच्या १६ पैकी १६ सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिले आणि जुलै २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपरस्टाउन येथे त्याचा सन्मान झाला. यांकीजचा महान फर्स्ट बेसमन लू गेरिग याचेही नेमके ४९३ होम रन आहेत, पण त्यावरून त्याला कमी लेखण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

आपल्या क्रीडापानावर परदेशी खेळांच्या बातम्या येतात, तेव्हा अनेकदा एकूण आकडा तेवढा ठळक छापला जातो. त्यासोबत त्या खेळाडूचा हंगामवार तक्ता, प्रत्येक हंगामातील सामन्यांची संख्या आणि खेळ खंडित झाला असल्यास त्याचे कारण द्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक