‘रजनी’ एका वाक्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरला तुमचा अंक एक दिवस शिळा होऊनच पोचतो. त्यामुळे रविवार पुरवणीतला अभिनेत्री प्रिया तेंडुलकरांवरचा लेख सोमवारी वाचला, रात्रभर धुमसले आणि आज लिहायला बसले.

निम्मा लेख विजय तेंडुलकरांवर. त्या त्यांच्या कन्या, हे ठाऊक नसलेला मराठी वाचक तुम्हाला कुठे भेटला? उरलेल्या जागेत ‘अंकुर’ चित्रपट आणि ‘हम पाँच’ मालिका. अशोक सराफांना भिंतीवरच्या फोटोतून फटकारणारी ती बायको आम्हालाही आवडायची. पण गैरकारभाराला जाब विचारणाऱ्या त्यांच्या ‘रजनी’ला, त्या दूरदर्शन मालिकेला, एकच वाक्य? तेही ‘गृहिणींमध्ये लोकप्रिय’! लेखकमहाशय १९८५ साली पाळण्यात होते की तेही नव्हते, एवढे कळवावे.

गृहिणी म्हणजे कोण, ते सांगते. रामबागेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकच, घरमालकांकडे. रजनीने गॅसवाल्याला फैलावर घेतलेले आईने तिथे दाराशी उभे राहून पाहिले. पुढची टंकी आली तशी (आम्ही इंदूरकर सिलिंडरला टंकीच म्हणतो) तिने मला किराणावाल्याकडे पिटाळले, पोती मोजायचा काटा आणायला. टंकीच्या कड्यावर रिकामे वजन लिहिलेले असते, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे. आईने कोळशाने ओट्यावर बेरीज मांडली. पावणेदोन किलो कमी! टंकी आणणारा हसून म्हणाला, “बाई, आप भी रजनी बन गईं क्या?” “हां, बन गई. उठाओ इसे.”

उचलली त्याने. पुढच्या महिन्यात वाड्यातल्या साऱ्या बायका काट्याशी हजर. एजन्सीच्या वहीत आईचे नाव वेगळेच असेल, पण तिथली माणसे शेवटपर्यंत तिला ‘रजनीबाई’च म्हणत. बासू चटर्जींच्या त्या मालिकेवर मुंबईचे टॅक्सीवाले उगाच चिडले नव्हते. नुसत्या करमणुकीवर कोणी चिडते का?

आणि प्रियाबाईंनी स्वतः काय काय केले! हॉटेलात रिसेप्शनिस्ट, हवाईसुंदरी, वृत्तनिवेदिका. शिवाय कथा लिहिल्या, टीव्हीवर स्वतःच्या नावाचा टॉक शो चालवला. १९ सप्टेंबर २००२ रोजी गेल्या तेव्हा वय अवघे ४७. त्या दिवशी आईने टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. माहेरचे कोणी गेल्यावर बसायची तशी.

लेखकमहाशयांना माझा नमस्कार सांगा. शैली छान आहे, विषय तेवढा राहून गेला.

जाता जाता आणखी एक. शब्दकोडे ज्या अंकात असते तो अंक येतो, उत्तर ज्या अंकात असते नेमका तो येत नाही. महिन्यात तिसऱ्यांदा. वर्गणी मात्र तुम्ही पूर्ण वर्षाची आगाऊ घेतली आहे. ‘आडवे १४’ काय होते?

— एक वर्गणीदार, इंदूर