एका कोयत्याचा हिशेब

लातूर,
12 नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

तुझं पत्र पाडव्यालाच मिळालं होतं, पण ते माझ्या कागदांच्या ढिगाखाली गेलं. रागावू नकोस. माझा वकील भाचा बीडला असतो, त्यानं मला एका अपघाताच्या दाव्यात ओढलंय. शिकवणं सुटलं, पण आकड्यांची खोड काही सुटली नाही.

बालाघाटाच्या डोंगराकडचं एक गाव. ऊसतोडीचं जोडपं, पदरात तीन लेकरं, घरी म्हातारी. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, टोळी गावी परतली आणि पंधराच दिवसांत बाजाराला निघालेल्या बाईला टिप्परनं उडवलं. वय 32. चूक टिप्परवाल्याची, हे विमा कंपनीनंही मान्य केलं. वाद उरला तो मावेजा किती, एवढ्याचाच.

सूत्र तसं ठरलेलं आहे. महिन्याच्या कमाईत वयाप्रमाणे पुढच्या वाढीचे धरायचे. हातावरचं पोट असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला 40 टक्के, असं 2017 च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींनी ठरवून दिलं. मग मयताचा स्वतःचा खर्च वजा करायचा. मागं चार ते सहा माणसं असली तर चौथा हिस्सा. उरलेल्याचं वर्षाचं करून गुणकानं गुणायचं. गुणकाचा तक्ता 2009 च्या सरला वर्मा निकालातला. 31 ते 35 वयाला 16.

बाई साठीपर्यंत राबली असती तर 28 वर्षं, मग गुणक 16 च का, हे तुझ्यासारख्या बँकवाल्याला सांगायला नको. पैसे आज एकरकमी मिळतात, त्यांना व्याज सुटतं. मी उलटा हिशेब करून पाहिला, तर 28 वर्षांच्या हप्त्यांची आजची किंमत सव्वाचार-साडेचार टक्क्यांच्या दरानं 16 पटीच्या आसपास येते. तू एकदा ताळा करून कळव.

तर गुणक ठरलेला, वजावट ठरलेली. सगळी मारामारी पहिल्या आकड्यावर. महिन्याची कमाई हजारानं इकडची तिकडं झाली की शेवटी 2,01,600 चा फरक पडतो. कंपनीचे वकील म्हणाले, कागद नाही, पाच हजार धरा. म्हणजे 10,08,000. आम्ही दहा हजार मागितले, त्याचे 20,16,000 होतात.

कागद कुठून येणार? टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर; मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचंच. बाईच्या स्वतःच्या नावाचा घरात एकच कागद सापडला, रोजगार हमीचं जॉबकार्ड. समोरच्या वकिलांनी तर उचलीवरच बोट ठेवलं. उचल म्हणजे कर्ज, आणि कर्ज हे उत्पन्न नव्हे! तू असतास तर तिथंच हसला असतास. उचल फिटते ती टनांनी. टन गुणिले दर ही मजुरी, मग ती आधी हातात पडो की नंतर.

मुकादम भला निघाला, चार हंगामांच्या वह्या दिल्या. तरी वाढ्यांचे पैसे त्यात नव्हतेच. उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून बाया गावात विकतात, ते रोख पैसे मीठ-मिरचीला जातात. पाच बायांना वेगवेगळं बसवून विचारलं आणि मधला आकडा धरला. घरकामाचेही धरले. 2021 च्या कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते मोजायला सांगितलंच आहे. 2019 च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणाचे आकडे त्या निकालात आहेत: घरच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, पहाटे तीनला चूल पेटवणारीचं कुणी मोजलं तर आकडा काय येईल, देव जाणे.

आणि मग मी हुशारी केली.

म्हटलं, ती गेल्यानं त्या कोयत्याचं काय झालं तेच दाखवू. अपघातानंतरच्या हंगामात नवरा गेला होता. नुसतं आधीचं-नंतरचं टनेज लावलं तर फसतो, कारण ऊसच कमी असेल तर सगळ्यांचंच घटतं. त्यासाठी टोळीतले बाकीचे अकरा कोयते होते. त्यांचं टनेज त्या वर्षी दहा टक्क्यांनी घटलं. आमच्या जोडप्याची आधीच्या तीन हंगामांची सरासरी 260 टन. दहा टक्के सोडले तर 234 व्हायला हवे होते. झाले 176. घट 58 टनांची. आलेख झकास उतरला. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून समजावला, न्यायाधीशांनीही दोन प्रश्न विचारले. वर्गात शिकवल्यासारखं वाटलं रे.

उलटतपासणीत समोरच्यांनी माझाच आलेख हातात घेतला. "सर, म्हणजे बाई गेल्यावर कोयत्याचं काम चौथ्या हिश्श्यानंच घटलं. मग तिची कमाई निम्मी कशी धरता?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. एकटा माणूस अर्ध्या कोयत्याचं काम करतो, टनेज निम्म्यावर यायला हवं होतं. हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. उरलेला ऊस तोडला कुणी?

बाहेर चहाच्या गाड्यावर नवऱ्याला विचारलं. तो कपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मोठीला नेलं होतं, सर. उचल घेतलेली, कोयता पुरा करणं भाग होतं."

मोठी तेरा वर्षांची.

वहीत कोयता एकच लिहिलेला, तो कुणाच्या हातात होता ते नाही. दुसऱ्या दिवशी भाच्यानं शाळेतून हजेरीचा उतारा काढला. सातवीचा वर्ग, दिवाळीच्या सुट्टीनंतर मार्चपर्यंत सगळी गैरहजेरी. तो आता पुरावा म्हणून जोडलाय. 176 मधले टन बाप-लेकीचे आहेत, त्यावरून आईचा वाटा मोजता येत नाही, असं नवं टिपण दिलंय. भाच्याला भीती होती की पोरीला कामाला लावल्याचं बापावर शेकेल. दोन रात्री आम्ही भांडलो. शेवटी निर्णय बापानंच घेतला. म्हणाला, द्या कागद, खरं हाय ते हाय.

टिपण वाचून दाखवलं तेव्हा त्यानं शांतपणे सगळं ऐकलं, आकड्यांवर मान डोलावली. मग विचारलं, "मोठीच्या शाळेचं ह्यात कुठं धरलंय?" साहचर्याचे, म्हणजे बायकोची साथ गेल्याचे, धरतात, अंत्यविधीचे धरतात. त्याचा रकाना नाही, म्हणालो. "बरं," म्हणाला आणि गाडीला उशीर होईल म्हणून उठला.

यंदा टोळी निघाली. मोठीला मावशीकडं ठेवलंय, आणि हा अर्धा कोयता म्हणून गेलाय. पुढची तारीख 9 जानेवारीची. हंगामाच्या शेवटी त्याचं टनेज कळेल, पण तोवर निकाल लागून गेलेला असेल.

तू येळवसला, वेळा अमावास्येला, ये. धाकट्याच्या शेतात आंबील आणि भज्जी नक्की. येताना गुणकाचा ताळा कागदावर मांडून आण. उलटतपासणीला मी पुन्हा एकट्याच्या हिशेबावर जाणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा