गच्चीवर रस्त्याचं डांबर नको

तळोजा, रविवार

ती. बाबा, ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की रस्त्याच्या कामावरचा अर्धा ड्रम स्वस्तात मिळालाय, मिरगाच्या आधी तापवून गच्चीवर ओतला की जिन्याजवळची गळती बंद. मी नको म्हटलं तर म्हणे, "डांबर ते डांबर." आईचा कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून मी वाद आवरता घेतला. पण सहा वर्षं मी याच मालाची लॅब सांभाळते आहे, तेव्हा आता ऐकून घ्या.

खरं डांबर कोळशापासून निघतं. आईच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्या मूळच्या त्याच घराण्यातल्या. रस्त्यावर हल्ली पडतं ते बिटुमेन, कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरणारा काळा गाळ. सगळे त्यालाही डांबरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. तुमच्या ड्रमात बहुतेक व्हीजी-30, म्हणजे रस्त्याचा नेहमीचा प्रकार, असेल. ते 47 अंशांच्या वर कुठेतरी मऊ पडायला लागतं. मे महिन्यात काळी गच्ची 60 अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे तुम्ही ओतलेलं डांबर उन्हात हळूहळू पन्हळीकडे सरकणार, आईच्या पापडांच्या प्लास्टिकला चिकटणार आणि पावसात भेग होती तशीच.

आमच्याकडे बनतं ते ऑक्सिडाइज्ड बिटुमेन. रिफायनरीतून टँकरने मऊ माल येतो. तो उंच टाकीत 230 ते 280 अंशांच्या दरम्यान तापवतात आणि तळातून हवा सोडतात. आईला वाटेल, दुधासारखं आटवत असतील. तसं नाही, हे विरजणाच्या जवळचं आहे. दूध घट्ट होतं ते पाणी उडून नव्हे, आतली मांडणी बदलून. तसंच इथे हवेतला ऑक्सिजन बिटुमेनमधला हायड्रोजन ओढून घेतो, त्यातला बराचसा पाण्याची वाफ होऊन निघून जातो, आणि मागे उरलेले रेणू एकमेकांना धरून मोठे होतात. म्हणजे नाव ऑक्सिडाइज्ड, पण ऑक्सिजन मालात फारसा राहतच नाही! कधी कधी फेरिक क्लोराइड किंवा फॉस्फरस पेंटॉक्साइड असं एखादं रसायन थोडं घालून हे काम घाईने उरकतात.

ही प्रक्रिया स्वतःच उष्णता सोडते, म्हणून डोळा लागून चालत नाही. पहिल्या वर्षी एका रात्रपाळीत माझा नमुना वीसेक मिनिटं उशिरा निघाला. मागणी 85 ची होती, माल 97 वर जाऊन बसला. पुढे गेलेला माल मागे आणता येत नाही, मऊ माल मिसळून सांभाळून घ्यावा लागतो. त्या रात्री मी कोणाच्या डोळ्यांत पाहून बोलू शकले नव्हते.

97 म्हणजे काय, तर पितळी कड्यात बिटुमेन भरायचं, वर 3.5 ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि भांडं दर मिनिटाला 5 अंशांनी तापवायचं. गोळी बिटुमेनला घेऊन 25 मिलिमीटर खाली आली की तेव्हाचं तापमान लिहायचं. 80 च्या वरच्या मालाला भांड्यात पाणी चालत नाही, ग्लिसरीन लागतं. दुसरा आकडा सुईचा. 25 अंशांवर 100 ग्रॅम भाराखाली सुई 5 सेकंदांत किती शिरते, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. गोणीवरचं 85/25 ते हेच. 85 ला मऊ, सुई अडीच मिलिमीटर, दोन्हीकडे थोडं मागेपुढे. 90/15, 115/15 असेही प्रकार आहेत. गंमत अशी की सुईला तेवढंच कडक लागणारं साधं डांबर 60 च्या आसपास ढिलं पडतं. हे 25 अंश आम्ही नुसत्या हवेने मिळवतो.

मग रस्त्यालाही हेच का नाही? कारण ते ताणलं जात नाही, ट्रकच्या चाकाखाली तडकेल. त्याची जागा छताच्या फेल्टमध्ये, जमिनीखालच्या पाइपांवर, मोटारीच्या पत्र्याखाली आवाज दाबणाऱ्या पट्ट्यांत. बाबा, एसटीच्या वर्कशॉपमधल्या जुन्या बॅटऱ्यांच्या झाकणाभोवती काळं सील असायचं ना, तेही याच गोतावळ्यातलं.

आता तुम्ही म्हणाल, मग एक गोणी तूच पाठव. नाही पाठवणार. ते लावायला 200 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. भांड्यात थोडं पाणी असलं तरी फेस येऊन सगळं उतू जातं. अंगावर पडलं तर ओढून काढायचं नसतं, कातडी सोबत येते. गार पाणी ओतत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. चुलीवर कढई ठेवून करायचं हे काम नव्हे, आणि आता तुमचे गुडघेही शिडीचे राहिले नाहीत.

आई, तू धुराचं विचारलंस. लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये सांगितलं की छतावर गरम ऑक्सिडाइज्ड बिटुमेन लावणाऱ्यांना त्या धुरामुळे कर्करोगाचा धोका बहुधा असतो. मी छतावर नसते. लॅबमध्ये धूर ओढणाऱ्या कपाटात काम करते, टाकीतला वायू जाळून मगच बाहेर सोडतात. तरी मास्क न लावता दारात उभं राहून बोलणाऱ्यांवर मी खेकसते, म्हणून मला मागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे.

गच्चीचं असं करूया. आधी उतार तपासायचा, माझा संशय पाणी जिन्याच्या कोपऱ्यात साचतं यावरच आहे. भेगा फोडून सिमेंटने भरून घ्यायच्या, मग गरज पडली तर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांवर उतार देऊन केलेला थर. मी येत्या शनिवारी सकाळी येते, गवंडी तेव्हाच बोलवा. तो ड्रम तोवर गोठ्याच्या बाहेर, सावलीत असू द्या. आणि झाकण लावून. मागच्या वेळी रंगाच्या डब्यात मांजर पडलं होतं ते विसरलात वाटतं.

तुमची,
ताई