फिशटँक बंद पडतात ते बादल्यांमुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिशटँकची निगा कशी राखावी यावर लेख आला होता. फोटो सुरेख होते. पण ‘महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा करून काचा, वाळू आणि दगड स्वच्छ धुवावेत’ हा सल्ला वाचला आणि राहवेना, म्हणून हे पत्र. हाच सल्ला बरेच दुकानदारही वर्षानुवर्षं देत आले आहेत आणि त्यापायी मासे मरत आले आहेत. अर्थात, मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे दुकानातूनच घ्यावे लागतात, ही गोष्ट वेगळी.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जातं. आता ही वाळू आणि हा स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुतला की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती जिवाणूंची वस्तीच उठते. टँक दोन दिवस आरशासारखा लखलखतो, मग पाणी दुधाळ होतं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. घरचे म्हणतात, कुणाची तरी दृष्ट लागली.

साठलेलं नायट्रेट काढायला टँक धुवावा लागत नाही. थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं, आणि हे दर आठवड्याला न चुकता करायचं. हिशेब सोपा आहे. समजा, आठवड्यात नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढतं आणि आपण दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलतो. तर कालांतराने ते ४० वर जाऊन थांबतं. पाणी बदललं की ३०, पुढच्या आठवड्यापर्यंत परत ४०. त्याच्या वर जात नाही. निम्मं पाणी बदललं तर २० वरच थांबेल. उलट महिनोन्महिने पाण्याला हात न लावता एकदम सगळं बदललं, तर जुन्या पाण्याला सरावलेल्या माशाला नवं पाणीच बाधतं.

मग लोक दर आठवड्याला पाणी का बदलत नाहीत? आळस म्हणून नाही. बादल्यांमुळे.

माझा टँक चार फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे, पाणी सोळा इंच भरतं. पाव हिस्सा म्हणजे चार इंच पाणी, साधारण ५६ लिटर. तीन भरलेल्या बादल्या न्हाणीघरात नेऊन ओतायच्या आणि तीन भरलेल्या परत आणायच्या. एकेक बादली वीस किलोच्या आसपास. वाटेत हॉलची फरशी, गालिचाची कड, कुणाची तरी चप्पल. शिवाय सायफन (नळीतून पाणी आपोआप खाली वाहणं) सुरू करायला नळी तोंडाने ओढायची. ते पाणी तोंडात गेलं की चहाची चवही लागत नाही. पहिले काही महिने हौस असते. मग पंधरवडा होतो, मग महिना, आणि शेवटी टँक ‘कुणाला हवा असेल तर सांगा’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर येतो. मासे बिचारे पवना नदीच्या घाटावर सोडले जातात. तेही चुकीचंच. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. असाच सोडला जाऊन तो आपल्या देशातल्या नद्या-तलावांत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी केली, फोरमन म्हणून निवृत्त झालो. गुडघे दुखू लागल्यावर बादल्या बंद केल्या आणि पाइप टाकला. गेली काही वर्षं तो बिनतक्रार चालू आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आमचा टँक हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे ओटा आणि ओट्यापुढे ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्याभांड्यांची छोटी बाल्कनी. तिथे वॉशिंग मशिनचा नळ आणि नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाण्याचं जाळीचं तोंड) आधीच असतो. विटांच्या भिंतीतून (बीम-कॉलमला हात लावायचा नाही, हे सांगायला नको, पण सांगतो) एक भोक पाडून अर्धा इंची पाइप ओट्याखालून ड्राय बाल्कनीत नेला. पाइप एकच. जुनं पाणी त्यातूनच बाहेर जातं आणि नवं त्यातूनच आत येतं. ड्राय बाल्कनीत त्याला टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन फाटे काढले. एक नहाणी ट्रॅपकडे, दुसरा पंपाकडे. दोन्हींवर एकेक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हाताने फिरवायची झडप.

टँकच्या टोकाला पाइप काचेच्या काठावरून वळून पाण्यात उतरतो, तो बरोबर चार इंच. सगळी गंमत या चार इंचांत आहे. नहाणीकडचा व्हॉल्व्ह उघडला की सायफनने पाणी वाहू लागतं. पातळी चार इंच उतरली की पाइपचं तोंड उघडं पडतं, हवा आत शिरते आणि पाणी आपोआप थांबतं. सेन्सर नाही, टायमर नाही. मी विसरून भाजी आणायला गेलो तरी पाचवा इंच उतरणार नाही. तोंडाला जाळी बांधलेली आहे, म्हणजे गप्पीची पिल्लं ओढली जात नाहीत.

नवं पाणी येतं साठ लिटरच्या निळ्या ड्रममधून. ड्रम ड्राय बाल्कनीतच जमिनीवर ठेवलेला. वॉशिंग मशिनच्या नळाला टी मारून ड्रमवर बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ) बसवला आहे, ड्रम आपला आपण भरतो आणि आपला आपण थांबतो. बॉल कॉकचं तोंड ड्रमच्या पाण्याच्या वर राहील असंच बसवायचं, पाण्यात बुडता कामा नये. नाहीतर वरची टाकी रिकामी असताना ड्रममधलं पाणी घरच्या लाइनमध्ये उलटं ओढलं जाऊ शकतं. पाणी दिवसभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून मुरू द्यायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या रसायनाचे, थोडे खडे. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा मी दोन्ही करतो. ड्रममध्ये कूलरचा साधा पंप टाकलेला आहे. टँकची पातळी जमिनीपासून चार फुटांवर, तेवढं त्याला सहज झेपतं.

आता क्रम. टँकचा हीटर आणि फिल्टर एकाच बटणावर घेतले आहेत, ते आधी बंद. हीटर पाण्याबाहेर उघडा पडून तापला आणि वरून गार पाणी आलं की काच तडकते. मग नहाणीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी थांबलं की तो बंद करायचा, ड्रममध्ये पाणी सोडणारा नळही बंद करायचा, पंप लावायचा आणि पंपाकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी पाइपमधून उलटं चढतं, आत अडकलेली हवा टँकमध्ये बुडबुड्यांनी निघून जाते. टँक भरला की आधी व्हॉल्व्ह बंद, मग पंप बंद. या क्रमामुळे पाइप पाण्याने भरलेला राहतो. पुढच्या आठवड्यात नुसता व्हॉल्व्ह उघडला की सायफन सुरू, तोंडाने ओढणं कायमचं गेलं. क्रम चुकून पंप आधी बंद झाला, तरी चार इंच पाणी परत रिकाम्या ड्रममध्येच जाईल, फरशीवर नाही. आणि ड्रमचा नळ बंद असल्यामुळे टँक फार भरून वाहण्याइतकं पाणीच तिथे नसतं. कारखान्यात आम्ही असंच बघायचो. माणूस विसरणारच हे धरून चालायचं आणि तो विसरला तर काय होईल ते आधी ठरवायचं.

पंपाच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) का नाही, असं एका जाणत्याने विचारलं. लावून बघा. टँकच्या पाण्यात शेवाळ असतं, काही महिन्यांत तो नीट मिटत नाही. हाताचा व्हॉल्व्ह बरा. साहित्याचा खर्च दोन-अडीच हजारांत भागतो. वाळूतली घाण मात्र अधूनमधून हातानेच साफ करावी लागते, त्याला पर्याय नाही.

‘एवढं केलंत तर पूर्ण ऑटोमॅटिक का नाही?’ असंही तरुण मंडळी विचारतात. आमच्याच इमारतीत एका हौशी मुलाने केलं होतं. मोबाइलवरून चालणारे सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह आणि पातळीचे सेन्सर असा सगळा थाट. गच्चीवरची पाण्याची टाकी धुतल्यानंतर लाइनमध्ये गाळ आला, वाळूचा एक कण सोलेनॉइडच्या बैठकीत अडकला आणि तो अर्धवट उघडा राहिला. मुलगा ऑफिसात, मोबाइलवर सगळं हिरवं. खालच्या घरातलं पीओपीचं छत फुगून खाली आलं तेव्हा कळलं. मुलगा हुशार आहे, काम नीटनेटकं होतं. पण आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, पाण्याला दाब कधी असतो, कधी नसतो. तिथे नळाची लाइन थेट टँकला जोडून घराबाहेर पडणं मला पटत नाही. जे काम वजनाचं आहे ते पाइपने आणि पंपाने करावं, जे लक्ष ठेवण्याचं आहे ते माणसाने करावं. तेवढी पंधरा-वीस मिनिटं माशांकडे बघायला मिळतात. कोणाचं शेपूट झडलंय, कोण कोपऱ्यात बसलाय, ते तेव्हाच दिसतं.

आता पाण्याच्या नासाडीचा मुद्दा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. अशा गावात माशांसाठी पाणी ओतता का, असं आमच्या सोसायटीच्या सभेत एका बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आठवड्याला ५६ लिटर म्हणजे दिवसाला आठ लिटर. आणि तेही गटारात जात नाही. नहाणीकडच्या फाट्याला नळी लावून ते कुंड्यांना घालतो. त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. गच्चीवरची सोसायटीची मोगऱ्याची रांगही अधूनमधून त्याच पाण्यावर असते. मात्र टँकमध्ये मीठ किंवा औषध घातलं असेल तेव्हा ते पाणी झाडांना घालू नये. उलट आपल्या लेखातल्या सल्ल्याप्रमाणे पूर्ण टँक उपसला, तर माझ्या टँकचे सव्वादोनशे लिटर एका झटक्यात जातात, वर वाळू धुवायला नळ किती वेळ चालतो तो वेगळाच.

ड्रमचा आणखी एक फायदा उन्हाळ्यात कळतो. मे महिन्यात सोसायटीत टँकर येतात. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. पवनेच्या मऊ पाण्याला सरावलेल्या माशांना ते एकदम दिलं तर सोसत नाही. ड्रम आधीच भरून ठेवलेला असला तर टँकरचा दिवस टाळता येतो. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून तर चटका बसेल असं पाणी येतं. ते रात्रभर ड्रममध्ये घराच्या तापमानाला येतं.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण बिल्डर आणि वास्तुरचनाकार मंडळी. नव्या फ्लॅटमध्ये एसीच्या नळीसाठी भिंतीत भोक तयार मिळतं, वॉशिंग मशिनचा नळ मिळतो, पाणी शुद्ध करायच्या मशिनचा पॉइंट मिळतो. हॉल आणि ड्राय बाल्कनी यांच्यामध्ये ओट्याखालून एक दीड इंची रिकामा पाइप बांधकामाच्या वेळीच टाकून ठेवला, तर खर्च नगण्य. पुढे कुणी त्यातून फिशटँकचा पाइप नेईल, कुणी कूलरचा नेईल, कुणी नाही नेलं तर दोन्ही टोकांना झाकण. आमच्या इमारतीत मला भोक पाडायला समितीची लेखी परवानगी लागली आणि ती मिळेपर्यंत तीन सभा झाल्या. त्यातल्या एका सभेत चर्चा फिशटँक ईशान्येला असावा की नको यावर गेली.

आपल्या पुरवणीने निदान तो पूर्ण टँक धुण्याचा सल्ला मागे घ्यावा, ही विनंती. वरच्या जोडणीचा हाताने काढलेला आराखडा सोबत पाठवत आहे. छापलात तर टँककडच्या टोकाला लिहिलेले ‘४ इंच’ हे अक्षर कापलं जाणार नाही एवढं बघावं.

आपला,
एक निवृत्त फोरमन
निगडी प्राधिकरण, पुणे ४११०४४