बोअरचे पाणी तपासा, गावनिहाय नोंद ठेवा

संपादक महोदय,

कर्नाटकातल्या आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात कॅन्सरचा रुग्ण निघाला की बोट तंबाखूकडे जाते. ते रास्तच, पण पाणी कोण तपासणार? दूधगंगा-वेदगंगेकाठी उसाला युरिया भरमसाट पडतो, त्याचे मातीत नायट्रेट बनते आणि ते झिरपून बोअरमध्ये उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. पोटात त्यापासून कर्करोगकारक संयुगे बनू शकतात. संबंध आहेच असे मी म्हणत नाही, पण तो शोधायला नोंदी हव्यात. आमचे कित्येक रुग्ण मिरज-कोल्हापूरला जातात, म्हणजे कागदपत्रे दुसऱ्या राज्यात! दोन्ही सरकारांनी सीमावाद बाजूला ठेवून ही माहिती गावनिहाय एकत्र करावी. पाण्याचे अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नडबरोबर मराठीतही लावावेत.

– एक वाचक, निपाणी