भिंतीत राहिलेली गोबरगॅसची नळी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापूस विकून हाती दोन पैसे आले की आमच्या भागात घरदुरुस्तीची कामे निघतात आणि त्यात स्वयंपाकघराचा ओटा बहुधा पहिला असतो. यंदा आम्हीही जुना ओटा फोडायला घेतला, तेव्हा प्लास्टरमागे अर्ध्या इंचाची लोखंडी नळी लागली. वडिलांनी १९९५ साली शासकीय अनुदानातून परसात बांधलेल्या गोबरगॅसची ती नळी होती. घरात सिलिंडर आले, पुढे गाय आणि बैलजोडीही विकली गेली. शेगडी माळ्यावर पडली आणि नळी भिंतीतच राहिली.

"दहा वर्सांत पेटला नाही तो गॅस, कापतो आन् वरून टाइल लावतो," असे म्हणून मिस्त्रींनी ग्राइंडर हाती घेतला होता. आईने त्यांना थांबवून आधी कॉक उघडायला सांगितला, तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला. गोठा रिकामा असताना हा गॅस येतो कोठून, हे आम्हाला क्षणभर कळेना. मग लक्षात आले की घरचे शौचालय त्याच टाकीला जोडलेले आहे, त्यामुळे शेण बंद झाले तरी टाकीत थोडा थोडा गॅस तयार होतच होता. शौचालय जोडल्यास त्या काळी जादा अनुदान मिळत असे, म्हणून अशी जोडणी असलेली घरे आमच्या एकट्या गावातच बरीच आहेत.

गोबरगॅसमधील मिथेन हवेत सुमारे ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने भडका उडू शकतो, आणि ग्राइंडरने लोखंड कापताना ठिणग्यांचा वर्षावच होतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर मिथेन हलका असल्याने छताखाली जमतो. त्यामुळे दारे उघडली तरी वरचा झरोका बंद असेल तर धोका टळत नाही. शिवाय गोबरगॅसमधील हायड्रोजन सल्फाइड ओलाव्याबरोबर लोखंडाला आतून खातो, म्हणून बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीचा भरवसा धरता येत नाही. हीच नळी सिलिंडरसाठी वापरावी, असा सल्ला आम्हाला एका नळ फिटरने दिला होता. तो आम्ही मानला नाही आणि इतरांनीही मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जाणत्या माणसाला बोलावून आम्ही आधी टाकीकडचा मुख्य कॉक बंद केला, नळी तेथून सुटी केली, दोन्ही टोके उघडी ठेवून ती दोन दिवस मोकळी होऊ दिली आणि तेवढा वेळ घरात चूलसुद्धा पेटवली नाही. नंतर ती पान्याने उकलून काढली. शौचालयाची जोडणी स्वतंत्र शोषखड्ड्याकडे वळवली. टाकी रिकामी करणे मात्र घरच्या माणसांचे काम नव्हे. आत उतरलेला माणूस विषारी वायूने आणि प्राणवायूच्या अभावाने काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढायला उतरणाराही तसाच अडकतो.

राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून गावोगावी असे प्लांट बांधले गेले. बांधताना अनुदान होते, तपासणीला माणूस येत होता. बंद करताना मात्र घरमालक आणि मिस्त्री असे दोघेच असतात. अनुदान ज्यांना मिळाले त्यांच्या जुन्या नोंदी पंचायत समितीने काढाव्यात, बंद पडलेल्या प्लांटची गावनिहाय यादी करावी आणि नळी व टाकी सुरक्षितपणे मोकळी करून देणारा प्रशिक्षित माणूस तालुक्याला एक तरी नेमावा. तोवर ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवली जावी, आणि गावातील मिस्त्रींना त्या सभेला आवर्जून बोलवावे, कारण भिंतीवर पहिला घाव तेच घालतात.

आपली नम्र,
एक वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा