रात्री 8 नंतर समूह शांत ठेवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

रात्री 8 ते सकाळी 7 या वेळात इथे कामाचे संदेश टाकायचे नाहीत, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आठवडाभर पाळलं, मग ये रे माझ्या मागल्या. (मोडणाऱ्यांत पहिला नंबर माझाच.) म्हणून ही आठवण.

परवा मुलगी मैत्रिणीशी झालेलं भांडण रंगवून सांगत होती. टेबलावर पालथा ठेवलेला फोन नुसता थरथरला. मी उचलला नाही, पण नजर गेलीच. ती म्हणाली, "राहू दे, तुझं झालं की सांगते." ते भांडण पुढे कसं मिटलं, मला अजून कळलेलं नाही.

फ्रान्समध्ये 2017 पासून कायदाच आहे: 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपलं काम तर फोन बाजूच्या खोलीत ठेवला तरी भागतं.

खरंच तातडीचं असेल तर सरळ फोन करा. सुचलेलं विसरायची भीती वाटत असेल तर संदेश सकाळी 7 नंतरच्या वेळेला शेड्यूल करा. रात्रपाळीवाल्यांनी आपली शांत वेळ वेगळी कळवावी. सगळ्यांच्या घरी संध्याकाळ एकाच वेळी होत नाही.

15 मे हा संयुक्त राष्ट्रांनी 1993 मध्ये जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन. त्या दिवशी समूह पूर्ण बंद राहील.

– समूह संयोजक